पंडिता रमाबाईंची देवनिष्ठा

पान वाढून झालें कीं आधीं देवास नैवेद्य दाखवावा आणि मग पंक्तीस बसावें, ही चाल आमच्या घरांतून अजून पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. पण देव आधीं म्हणून आपण जें मागें सारतों, तें बहुधा घटकाभराच्या भुकेपलीकडचें नसतें. लोक काय म्हणतील, मुलीचें लग्न कसें जमेल, भाऊबंद पंक्तीस घेतील कीं नाहीं, हे प्रश्न उभे राहिले म्हणजे देवासच थोडें थांबावें लागतें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून आमच्या नामांकित गृहस्थांवर ग्रामण्य झालें, आणि स्नेह्यांची अडचण पाहून न्यायमूर्ति रानडे यांनींहि अखेर प्रायश्चित्त घेतलें. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यास जनांत राहून काम करावयाचें आहे त्यास जनांचें ऐकावें लागतें. मात्र त्याच वर्षीं याच शहरांत एक विधवा बाई आपली शाळा घेऊन राहावयास आली, आणि तिनें हा सगळा हिशेब उलटा मांडला.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. शास्त्रीबोवांनीं शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि तिनें तें रमाबाईंस शिकविलें. पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडणाऱ्या या कुटुंबांतील आईबाप व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पति निवर्तल्यावर १८८२ सालीं ती तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. येथें आर्य महिला समाज काढला, आणि दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडांत वाँटेज येथें मुलीसह ख्रिस्ती झाली.

पुण्यास धक्का बसला, हें सांगावयास नको. परंतु एक जोखड टाकून बाईंनीं दुसरें मानेवर घेतलें, असें कोणी समजेल तर ती चूक होय. जें बायबलांत सांपडत नाहीं तें केवळ धर्मगुरु सांगतात म्हणून मानावयाचें, हें त्यांनीं साफ नाकारलें. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें असावीं असें म्हणणें आलें, तेव्हां लॅटिन आमच्या लोकांस कळत नाहीं, संस्कृत कां नको, असा त्यांचा सवाल होता. अंडें घातलेलें पक्वान्नहि त्या खात नसत. त्यांच्या गुरुभगिनींना हा जातीचा ताठा वाटे! म्हणजे ताठ्याचा आरोप पुण्यांतूनहि झाला आणि वाँटेजहूनहि.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें, व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. पैसा अमेरिकेंतील मंडळीचा. शब्द असा कीं मुलींच्या धर्मांत ढवळाढवळ व्हावयाची नाहीं. आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं विधवा गोदूबाई पुढें १८९३ सालीं प्रो. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्यांनीं धर्म बदलला नाहीं. पण बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि मुली येऊन बसत. यावरून वादळ उठलें. ‘केसरी’नें टीकेचा भडिमार केला. रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या.

येथें आम्हांस दोन्हीकडे पाहावेंसें वाटतें. पालकांची तक्रार निराधार नव्हती. ज्या पोरक्या मुलीस अन्न, वस्त्र आणि मायेचा शब्द एकाच हातून मिळतो, तिला त्या हाताचा देव आपोआप गोड वाटूं लागतो. तेथें तटस्थता ही बोलण्यापुरतीच राहते. पण बाईंची बाजूहि समजून घेतली पाहिजे. दार लावून घेतलें असतें तर शाळा वांचती, स्नेहीहि राहते. देवास दाराआड ठेवणें मात्र त्यांच्यानें होईना. आमच्या देवघरास कोणी कडी लावावयास सांगितलें असतें तर आपण काय केलें असतें?

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व १९०० च्या सुमारास गुजराथेंतून शेंकडों मुली व बायका त्यांनीं केडगांवास आणल्या. तें ‘मुक्ति’ होय. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळें बायकांच्या हातीं.

आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्या माणसास खरें थक्क करतें तें त्यांचें शेवटचें काम. बायबलाचें मराठी भाषांतर पूर्वीं झालेलें होतें. पण खेड्यांतील बाईस तें समजत नाहीं, शब्द पंडिती आहेत, असें त्यांस वाटलें. म्हणून पन्नाशीच्या आसपास हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सबंध ग्रंथ नव्यानें मराठींत आणावयास घेतला, आणि जे संस्कृत शब्द आईच्या तोंडून शिकल्या, ज्यांच्यावर पदव्या मिळविल्या, ते एकेक वेंचून बाजूस ठेविले. तें मराठी आम्हांस ठिकठिकाणीं खडबडीत लागतें. तरी घर व जात सोडणें एक, आणि जन्मभर कमावलेली विद्या अडाणी बायकांसाठीं उतरवून ठेवणें दुसरें. दुसरें अधिक कठीण असावें, असें आम्हांस वाटतें; विद्वानांच्या घरांतून हा त्याग फारसा दिसत नाहीं.

जुलै १९२१ मध्यें कन्या मनोरमा गेली. संस्था तिच्या हातीं द्यावयाची होती. बाई काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांत छापून निघाला. खिळे जुळविणाऱ्या तेथल्याच बायका होत्या. दुष्काळांत आल्या त्या वेळीं त्यांतील कितीएकींस अक्षरओळखहि नव्हती.