खेळाडूची पारख

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास चंदगड तालुका आहे. त्याच्या एका अंगास सह्याद्रीचे घाट व त्यांपलीकडे कोकण आणि गोवा; दुसऱ्या अंगास बेळगावचा मुलूख. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस कोसळतो आणि भाताची खाचरे पाण्याने तुडुंब भरतात. पुढे कापणी होते, मळणी आटोपते, आणि मग तीच खाचरे मुलांची क्रीडांगणे बनतात. दोन दगड ठेवले की गोल तयार होतो. एक चेंडू मिळाला की खेळ सुरू होतो.

अशा एखाद्या खाचरात फुटबॉलचा डाव रंगला आहे, अशी कल्पना करावी. एक उंचापुरा मुलगा सर्वांना मागे सारून धावतो आणि एकामागून एक तीन गोल करतो. बांधावर बसलेली मंडळी टाळ्या वाजवतात. त्याच डावात मैदानाच्या मध्यभागी एक लहानखुरा मुलगा खेळत आहे. त्याने एकही गोल केलेला नाही. तथापि त्या तिन्ही गोलांपूर्वी चेंडू त्याच्याच पायांतून पुढे गेला होता. आता एखादा निवड करणारा प्रशिक्षक तेथे आला, तर त्याने कोणास निवडावे? पुष्कळ लोक तत्काळ म्हणतील, ‘उंच मुलास!’ त्या मुलाचे कौतुक योग्यच आहे. परंतु दुसऱ्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही, तर एक चांगला खेळाडू कायमचा हरवण्याचा संभव असतो. म्हणून खेळाडूची पारख कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक गोल राखतो, बचावफळी प्रतिपक्षाचा हल्ला अडवते आणि आघाडीची फळी गोल करण्यासाठी धडपडते. या दोहोंना जोडणारी ती मधली फळी. पूर्वी तेथील खेळाडूस हाफबॅक म्हणत. आता त्यास मध्यरक्षक म्हणतात. घरातील माजघर जसे स्वयंपाकघर आणि ओसरी यांना जोडते, तसे मध्यरक्षकाचे काम असते. प्रतिपक्षाकडून चेंडू हिरावून घेणे, तो जपणे, योग्य सोबत्याकडे योग्य क्षणी पोचवणे आणि खेळाची गती कमीजास्त करणे, ही सारी कामे त्याच्याकडे असतात. त्याने किती गोल केले, एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाही. त्याचे पुष्कळसे काम शांतपणे होते आणि प्रेक्षकांच्या नजरेतून निसटते.

मग जाणता प्रशिक्षक काय पाहतो? तो प्रथम खेळाडूची नजर पाहतो. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वी चांगला मध्यरक्षक मान वळवून चहूकडे पाहून घेतो. सोबती कोठे आहेत, प्रतिपक्षाचा गडी किती जवळ आला आहे, मोकळी जागा कोणत्या बाजूस आहे, याचे चित्र त्याच्या मनात आधीच उमटलेले असते. नॉर्वेमधील संशोधक गेअर जॉर्डेट यांनी सामन्यांची चलच्चित्रे बारकाईने अभ्यासून असे दाखवून दिले आहे, की चेंडू मिळण्यापूर्वी जे मध्यरक्षक अधिक वेळा सभोवार पाहतात, त्यांचे पास अधिक वेळा सोबत्यापर्यंत पोचतात. ही सवय लावून घेण्यास उंची लागत नाही, की किमती बूटही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडूचा पहिला स्पर्श. वेगाने आलेला चेंडू पायावर आपटून दूर उडतो, की पुढच्या खेळीस सोयीचा होईल असा पायाजवळ विसावतो? तिसरी गोष्ट निर्णयाची. एका क्षणात त्याने निवडलेला मार्ग योग्य होता का? कधी निर्णय अचूक असतो, पण पायात बळ नसल्याने पास अपुरा पडतो. अशा चुकीस जाणता प्रशिक्षक दोष देत नाही. कारण बळ वयाबरोबर येते. चौथी गोष्ट म्हणजे चेंडू जवळ नसतानाचे वागणे. सोबत्याच्या मदतीस तो धावतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? आणि पाचवी गोष्ट सर्वांत मोलाची. चेंडू गमावल्यावर तो काय करतो? जो रुसत नाही, कोणावर खापर फोडत नाही, आणि लगेच चेंडू परत मिळवण्यास झटतो, त्याची पुढे प्रगती होण्याचा संभव अधिक.

कोल्हापुरास ही पारख नवी नाही. येथे कुस्तीची परंपरा जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येस आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान कुस्त्यांसाठी खुले झाले. तालमीतला जाणता वस्ताद केवळ दंड पाहून पठ्ठा निवडत नाही. पठ्ठा पहाटे वेळेवर येतो का, पडल्यावर पुन्हा उठतो का, शिकवलेला डाव पुढच्या आठवड्यात ध्यानात ठेवतो का, हेही तो पाहतो. तोच न्याय फुटबॉलच्या मैदानासही लागू पडतो.

वाढत्या वयात आणखी एक अडचण उद्भवते. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांचे वय सारखे असले, तरी त्यांच्या शरीराची वाढ सारखी नसते. कोणी बाराव्या वर्षीच झपाट्याने वाढू लागतो, तर कोणाची वाढ पंधराव्या वर्षी जोर धरते. मुलींची वाढ सामान्यतः मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी होते. त्यामुळे आज जो सर्वांना मागे टाकतो, तो खरोखर अधिक कुशल आहे, की केवळ लवकर वाढलेला आहे, हे तपासून पाहावे लागते. उंची एकाएकी वाढू लागली, की काही दिवस हातापायांचा मेळ बिघडतो आणि चांगला खेळाडूही अडखळू लागतो. त्या काळात त्याची खेळी बिघडली, म्हणून त्यास निकामी ठरवणे अन्यायाचे होय.

जन्मतारखेचाही असाच परिणाम होतो. वयोगट बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात खेळतात. परंतु त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. अनेक देशांतील निवड झालेल्या बालखेळाडूंच्या याद्या तपासल्या, तेव्हा वर्षारंभी जन्मलेल्यांची संख्या पुष्कळ अधिक आढळली. डिसेंबरात जन्मलेल्यांत गुण कमी होते असे नव्हे. त्यांना वाढण्यास पुरेसा अवधी मिळाला नव्हता, इतकेच.

क्रोएशियाचा लूका मॉड्रिच हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. लहानपणी तो फार किरकोळ शरीराचा होता, म्हणून हायदुक स्प्लिट या संघाने त्यास घेतले नाही. पुढे तोच जगातील उत्कृष्ट मध्यरक्षकांत गणला गेला आणि २०१८ साली त्यास बॅलन डी’ओर हा मोठा मान मिळाला. ज्यांनी त्याची केवळ उंची मोजली, त्यांची पारख चुकली.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. मणिपूरचा मध्यरक्षक जीक्सन सिंग प्रारंभीच्या निवडीत नव्हता. तो मागाहून संघात आला. या स्पर्धेत १ जानेवारी २००० नंतर जन्मलेली मुले खेळू शकत होती. जीक्सनचा जन्म मात्र जून २००१ मधला. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्ली येथे कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर उंच उडी घेऊन त्याने डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला तो पहिला गोल होय. तो सामना भारताने १–२ असा गमावला. परंतु जो आधी वगळला गेला होता, त्याचेच नाव इतिहासात राहिले.

त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने खेळाचे शिक्षण घेतले. तो आघाडीच्या फळीत खेळे. पुढे मैदानाच्या कडेने मुसंडी मारणारा खेळाडू म्हणून तो इंडियन सुपर लीगमध्येही उतरला. यावरून आणखी एक बोध होतो. लहान वयात मिळालेली मैदानावरील जागा कायमची नसते. खेळाडू जसा वाढतो, तशी त्याची जागाही बदलू शकते.

कोल्हापूर शहरात फुटबॉलचे संघ पेठापेठांतील तालमींतून व मंडळांतून उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी त्यांची नावेच त्याची साक्ष देतात. शाहू स्टेडियमवर सामना असला, म्हणजे सारी पेठ आपल्या मुलांचा खेळ पाहण्यास लोटते. अलीकडे या संघांतून बाहेरगावचे आणि परदेशांतले खेळाडूही खेळले आहेत. बाहेरचा गुणी खेळाडू आल्याने घरच्या मुलांना शिकता येते. हा लाभ लहान नाही. परंतु प्रत्येक जागी बाहेरचाच खेळाडू आला, तर घरच्या मुलाने खेळायचे कधी? आणि खेळल्यावाचून तो शिकणार कसा?

हा प्रश्न युरोपातील मोठ्या संघांपुढेही उभा राहिला. म्हणून तेथील स्पर्धांत असा नियम आहे, की पंचवीस खेळाडूंच्या यादीत आठ जण घरी तयार झालेले असावेत. घरचा खेळाडू म्हणजे त्याच गावी जन्मलेला असे नव्हे. पंधरा ते एकवीस या वयात निदान तीन वर्षे ज्याने त्या संघात किंवा त्या देशातील संघात शिक्षण घेतले, तो घरचा. स्पेनमधील बार्सेलोना संघाने मुलांसाठी ला मासिया नावाची शाळाच चालवली. झावी तेथे अकराव्या वर्षी आला, तर इनिएस्टा बाराव्या वर्षी. दोघेही मध्यरक्षक आणि दोघेही अंगाने बेताचे. २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातील एकमेव गोल इनिएस्टाने केला. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेवांतेविरुद्धच्या सामन्यात तर काही काळ बार्सेलोनाचे अकराही खेळाडू त्याच शाळेत घडलेले होते.

तथापि अशा शाळेत येणारे सर्वच मुलगे नामांकित होतात असे नाही. बहुतेकांना दुसरा मार्ग धरावा लागतो. यास्तव संघाचे यश केवळ एका तेजस्वी खेळाडूवरून मोजू नये. दरवर्षी किती मुलांना खेळण्याची संधी मिळाली, त्यांतील किती जण टिकून राहिले, आणि जे मागे पडले त्यांचे शिक्षण व आरोग्य सांभाळले गेले का, हेही पाहावे.

चंदगडपासून कोल्हापूर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एका दिवसाच्या निवड-चाचणीसाठी तेथे जाणारा मुलगा प्रवासाने थकतो, नवख्या मैदानावर बावरतो, आणि वीस मिनिटांत त्याचा निकाल लागतो. अशा एका निकालावर त्याचे भवितव्य ठरू नये. त्यास पुनःपुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत आणि त्याच्याच गावच्या मैदानावर पाहिले पाहिजे. गावातील शिक्षकाने एक साधी वही ठेवली, तरी पुष्कळ काम होते. आषाढात डावा पाय चालत नव्हता, माघात चालू लागला. पूर्वी मान खाली घालून खेळे, आता सभोवार पाहतो. अशा नोंदी वर्षभर ठेवल्या, तर मुलाची खरी वाटचाल दिसू लागते. त्यात त्याची तुलना शेजारच्या मुलाशी होत नाही. कालच्या त्याच्याशी आजच्या त्याची होते. मुलींच्या खेळासही हीच वही उपयोगी पडते.

भाताचे रोप लावल्यापासून लोंबी येईपर्यंत शेतकरी धीर धरतो. रोप वाढत नाही, म्हणून ते ओढून लांब करता येत नाही. पाणी, खत आणि राखण ही त्याच्या हाती असतात. वाढणे रोपाच्या हाती असते. खाचरात मध्यभागी खेळणाऱ्या त्या लहानखुऱ्या मुलासही खेळण्यास मैदान, शिकवण्यास जाणता गुरू आणि पुरेसा अवधी एवढे मिळाले पाहिजे. मग तो मोठा खेळाडू होवो वा न होवो, त्यास न्याय मिळाला असे म्हणता येईल.