खोलीचे भाडे आणि स्वाधारचा आकडा: ब्रिटनमधला हिशेब आणि आपला

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर आपल्या सर्वांना माहीत आहे. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब तिथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. बाबासाहेब त्या घरात भाडेकरू होते, याची आठवण मात्र आपण फार क्वचित काढतो. शिकायला परक्या शहरात जायचे म्हणजे आधी खोली शोधायची आणि दर महिन्याला तिचे भाडे द्यायचे. नांदेडहून पुण्याला आलेल्या मुलीसमोरही आज हाच पहिला प्रश्न असतो.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गरजूला सरकारने मदत करायची ठरवली, तर किती रक्कम द्यायची हे ठरवायचे कसे? आम्ही हा प्रश्न घेतला, कारण स्वाधार योजनेचे अर्ज भरायला येणारी मुले तो दरवर्षी विचारतात. "सर, निवास भत्ता वीस हजारच का?" याचे उत्तर शोधताना आम्ही ब्रिटनची पद्धत बारकाईने पाहिली. तिच्यात दोष आहेत, पण तिचा हिशेब उघड आहे.

ब्रिटनमध्ये खासगी घरमालकाकडे राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या माणसाला भाड्यासाठी जी मदत मिळते तिला हाऊसिंग बेनिफिट म्हणतात. आता काम करण्याच्या वयातल्या बहुतेक नव्या अर्जदारांना ती युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित योजनेतून मिळते, पण भाड्याची मर्यादा दोन्हीकडे एकाच दराने ठरते. त्या दराचे नाव लोकल हाऊसिंग अलाऊन्स. २००८ पासून ही पद्धत देशभर लागू आहे.

दर ठरवण्यासाठी देशाची भाडे-क्षेत्रे पाडलेली आहेत. दवाखाना, शाळा, बाजार, बँक या सोयी जिथून वाजवी अंतरावर मिळतात, असा परिसर म्हणजे एक क्षेत्र. भाडे अधिकारी त्या क्षेत्रात वर्षभरात प्रत्यक्ष दिल्या गेलेल्या भाड्यांची यादी गोळा करतात. मदत घेणाऱ्या भाडेकरूंची भाडी त्यात धरत नाहीत, नाहीतर सरकारचाच आकडा फिरून सरकारकडे आला असता. मग घराच्या आकारानुसार पाच याद्या होतात: सामायिक घरातली एक खोली, आणि एक, दोन, तीन, चार शयनकक्षांची घरे. प्रत्येक यादी कमीपासून जास्तीकडे लावायची. यादीत शंभर भाडी असतील तर खालून तिसावे भाडे म्हणजे त्या क्षेत्राचा दर. २०११ पर्यंत मधले, म्हणजे पन्नासावे भाडे धरत असत. खर्च कपातीच्या काळात ते तिसाव्यावर आणले.

त्यानंतर कुटुंब किती मोठे, त्याला किती खोल्या लागतात ते पाहतात. पस्तीस वर्षांखालच्या, मुले नसलेल्या एकट्या माणसाला सहसा सामायिक घरातल्या खोलीचाच दर लागतो. आता दर आणि प्रत्यक्ष भाडे यांतले जे कमी असेल ते हिशेबात घ्यायचे. भाडे दरापेक्षा जास्त असेल तर वरचा भार भाडेकरूच्या खिशावर.

शेवटची पायरी उत्पन्नाची. जगायला किमान किती लागते याची एक रक्कम नियमात दिलेली असते. हाऊसिंग बेनिफिटमध्ये उत्पन्न तिच्यापेक्षा जास्त असेल तर जास्तीच्या प्रत्येक पौंडामागे ६५ पेन्स मदतीतून कमी होतात. समजा आठवड्याचे उत्पन्न २० पौंडांनी जास्त आहे, तर मदत १३ पौंडांनी घटते, पण बंद होत नाही. बचतीची अट मात्र कडक आहे. काम करण्याच्या वयातल्या माणसाकडे १६,००० पौंडांहून जास्त बचत असेल तर त्याला सहसा काहीच मिळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या मुलांना ही मदत लागू नाही. विद्यार्थी व्हिसावर सरकारी निधी न घेण्याची अट असते. कुणी एजंट किंवा ओळखीचा "अर्ज करून तर बघ" म्हणाला तरी करू नका, व्हिसा धोक्यात येऊ शकतो. भाड्याची तरतूद निघण्यापूर्वीच करा.

आता आपल्याकडे येऊ. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या ज्या विद्यार्थ्याला पात्र असूनही शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याने बाहेर राहून शिकावे म्हणून ही रक्कम दिली जाते. थोडक्यात, वसतिगृहे पुरेशी बांधली नाहीत त्याची ही भरपाई आहे. कार्यकर्त्यांनी हे विसरू नये.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर या शहरांसाठी वर्षाला भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,००० असे एकूण ६०,००० रुपये. त्याखालच्या महानगरपालिकांसाठी निवास भत्ता १५,००० आणि एकूण ५१,०००. इतर जिल्ह्याच्या ठिकाणी निवास १२,०००, एकूण ४३,०००. पुढे तालुक्याची ठिकाणे आली, तिथे निवास १०,००० आणि एकूण ३८,०००. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी ५,००० आणि इतरांना २,००० वेगळे.

यातून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता वजा होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मग हातात कमी रक्कम आली की मधल्या मध्ये कुणी खाल्ली अशी शंका येते. समजा पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता ७,००० आहे. ६०,००० मधून ते वजा केले की ५३,००० उरतात, त्यात साहित्याचे ५,००० मिळवले की ५८,०००.

निवास भत्त्याचे २०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे १,६६६ रुपये होतात. पुण्यात कॉट बेसिसवर, चौघांच्या खोलीत, या पैशात जागा मिळते का हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. आमच्या पाहण्यातली मुले याच्या दुप्पट देतात, आणि तो फरक भोजन भत्त्यातून जातो. म्हणजे भाडे वाढले की एक वेळची खानावळ बंद.

हे २०,००० आले कुठून? ते कोणत्या भाड्यांवरून काढले हे शासन निर्णय सांगत नाही. मुंबई आणि नागपूरला एकच आकडा कसा लागू होतो, तेही समजत नाही. योजना तालुक्यांपर्यंत वाढवली तेव्हाही मोठ्या शहरांची रक्कम ६०,००० वरच राहिली. याउलट केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता पाहा. सातव्या वेतन आयोगानंतर तो शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के होता. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला की तो २७, १८, ९ होतो आणि ५० टक्क्यांवर गेला की ३०, २०, १०. कुणाला मोर्चा काढावा लागत नाही, सूत्रच तसे आहे. कर्मचाऱ्याचे भाडे महागाईने वाढते हे सरकारला कळते. विद्यार्थ्याचेही त्याच शहरात वाढते.

उत्पन्नाची अट तर आणखी कठोर. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम, त्याच्या वर एक हजार गेले तरी शून्य. ब्रिटनसारखी टप्प्याटप्प्याने कपात इथे नाही. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई धुणीभांडी करते, आणि दोघांचे उत्पन्न मिळून अडीच लाखांच्या थोडे वर गेले, अशी घरे प्रत्येक वस्तीत आहेत.

ब्रिटनच्या सूत्रालाही सरकार हात घालते. २०१६ पासून चार वर्षे दर गोठवले गेले. एप्रिल २०२० मध्ये ते पुन्हा तिसाव्या भाड्यावर आणले आणि लगेच गोठवले, ते एप्रिल २०२४ पर्यंत. पण सूत्र कागदावर असल्यामुळे दर बाजाराच्या किती मागे पडला हे तिथल्या संस्था मोजून दाखवू शकतात. आपल्याकडे मोजायला पायाच नाही, म्हणून आपले निवेदन "रक्कम वाढवा" एवढ्यावर थांबते आणि फाइलमध्ये जाते.

ब्रिटनचे सूत्र जसेच्या तसे उचलूनही चालणार नाही. ते धरून चालते की खालून तिसाव्या भाड्याची खोली गरजूला मिळेल. आपल्याकडे आडनाव विचारले जाते, "तुम्ही कोण?" विचारले जाते, आणि स्वस्त खोली आपल्या मुलासमोरच "भरली" असते. प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार आणि जाचक अटी दोन्ही आढळल्या. बाजारात भाडे सर्वांसाठी सारखे नसेल, तर मदतीच्या हिशेबात ते धरले पाहिजे. शिवाय अर्जाला भाड्याचा पुरावा लागतो आणि अनेक घरमालक कर किंवा पोलिस नोंदणी नको म्हणून करारनामा देत नाहीत. त्यामुळे सर्वात असुरक्षित खोलीत राहणारा मुलगाच कागदाअभावी बाहेर पडतो.

आपल्या मागण्या तीन असाव्यात. निवास भत्ता प्रत्येक शहरातल्या प्रत्यक्ष भाड्यांवरून ठरावा आणि दरवर्षी बदलावा. उत्पन्नमर्यादेच्या वर रक्कम हळूहळू कमी व्हावी. करारनामा नसेल तिथे ऑनलाइन भरलेल्या भाड्याची नोंद किंवा महाविद्यालयाचा दाखला पुरावा म्हणून चालावा.

यासाठी लागणारी भाड्यांची यादी आपण स्वतः करू शकतो. प्रत्येक शहरात आपल्या विद्यार्थी गटांनी निदान शंभर खोल्यांची नोंद करावी: भाग, खोलीत किती जण, महिन्याचे भाडे, अनामत, दलाली. घरमालकाचे किंवा मुलाचे नाव लिहू नये. नकार मिळालेल्या खोल्या वेगळ्या रकान्यात घ्याव्यात, सांगितलेल्या कारणासह. यादी कमीपासून जास्तीकडे लावून तिसावा आकडा निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहावा, आणि नवीन शैक्षणिक वर्षाचे अर्ज सुरू होण्यापूर्वी ते निवेदन समाजकल्याण कार्यालयात देऊन पोच घ्यावी.