जुनी खिडकी, नवा लॅपटॉप

बाबांच्या जुन्या डीटीपीच्या फाइल्स ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, ते फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. तो पीसी कधीच भंगारात गेला. मग क्यूएमूची आठवण झाली: संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर.

फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ मध्ये हा मुक्तस्रोत प्रकल्प आणला. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं एफएफएमपेगही त्याचंच. (एकट्या माणसाने किती करावं!)

क्यूएमू दोन तऱ्हांनी काम करतं. एआरएमसाठीचा प्रोग्रॅम इंटेलवर चालवायचा असेल, तर त्या प्रोसेसरच्या सूचनांचं चालता चालता भाषांतर होतं. हे एम्युलेशन, आणि ते हळू चालतं. पण दोन्हीकडे एकाच जातीचा प्रोसेसर असेल, तर लिनक्समधलं केव्हीएम मदतीला येतं. बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात, वेगातला फरक लगेच जाणवतो. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे.

या आभासी संगणकासाठी क्यूकाऊ२ प्रकारची ४० जीबीची डिस्क-फाइल बनवली, तर सुरुवातीला ती जेमतेम काहीशे केबी जागा घेते. आत भरत जाल तशी फुगते. गडबड करण्याआधी स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या, बिघडलं की मागे या.

एक्सपीवाल्यांसाठी खास: डिस्क आयडीई ठेवा, नेटवर्क कार्ड आरटीएल८१३९ निवडा. त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीच असतो. मात्र या एक्सपीला इंटरनेट देऊ नका, सुरक्षा अपडेट कधीच बंद झालेत.

कमांड लिहायचा कंटाळा असेल तर माऊसने चालवता येणारं व्हर्ट-मॅनेजर वापरा. फारच रखडत असेल, तर आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा.