घरचे पत्र आणि परक्याची पेढी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबात उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी एक प्रश्न उभा राहिला. घरातील मुलगी पुण्यात डिजिटल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. महाविद्यालयाच्या नियमानुसार तिला आठ आठवड्यांची इंटर्नशिप पूर्ण करावयाची होती. एका लहानशा स्टुडिओने तिला बोलावलेही होते. मात्र विद्यावेतन असे की त्यातून खोलीचे भाडेही निघू नये.

वडिलांनी व्यापाऱ्याचा तोडगा सुचविला. "काकांच्या फर्मचे लेटरहेड आहे. आठ आठवडे काम केले असे पत्र देऊन टाकू. तू घरी ये, घरात लग्नकार्य आहे."

"पप्पा, पत्राचे गुण मिळतील," मुलगी म्हणाली, "पण उद्या मुलाखतीत पत्र कोणी बघणार नाही. केलेले काम दाखव म्हणतील."

हे संभाषण आज अनेक व्यापारी घरांत थोड्याफार फरकाने होत असेल. स्वतःची फर्म असताना मुलांनी दुसऱ्याकडे तुटपुंज्या पैशांत का राबावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र याच घरांच्या जुन्या रीतीत दडलेले आहे.

जुनी उमेदवारी, नवे नाव

इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी उमेदवारी हा शब्द व्यापारी घरांना परका नाही. त्या मुलीच्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी घरची पेढी असतानाही सोळाव्या वर्षी मुंबईस मशीद बंदरच्या एका परक्या पेढीवर धाडले होते. पहिले काही महिने त्यांनी गादी झटकणे, टपाल पोहोचविणे आणि पाणी भरणे एवढेच केले. रोजमेळ हाती आला तो त्यानंतर, आणि खतावणी त्याहूनही उशिरा. घरच्या दुकानात चूक झाली की माया आड येते. परक्याकडे चूक झाली की ती सुधारावीच लागते, हे त्या धाडण्यामागचे गणित होते.

डिझाइनच्या शिक्षणातही हेच गणित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या नव्या रचनेत अशा प्रत्यक्ष कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ४ श्रेयांकांसाठी १२० तासांचे काम अपेक्षित असते. डिझाइनचे अनेक अभ्यासक्रम यापेक्षा बराच अधिक काळ मागतात, कारण या विषयाचा मोठा भाग वर्गाबाहेरच शिकता येतो.

ही विद्या कसली?

डिझाइन म्हणजे चित्रे रंगविणे, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः व्यापारी माणूस डिझाइनरचे काम दररोज हाताळत असतो. स्टेट बँकेचे निळ्या वर्तुळाचे बोधचिन्ह १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी घडविले. बिलावर छापले जाणारे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. ते साकारणारे डी. उदयकुमार हे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकलेले. संगणकावर मराठी मजकूर वर्षानुवर्षे ज्या 'मंगल' टंकात वाचला गेला, तो त्याच केंद्रात अध्यापन केलेल्या प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा.

डिजिटल डिझाइन हा याच विद्येचा आजचा विस्तार आहे. मोबाइलच्या पडद्यावर बटण कोठे असावे, रक्कम भरल्यावर ग्राहकाला काय दिसावे, चूक झाल्यास मागे कसे फिरता यावे, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेले असते. पैसे गेले की नाहीत, या शंकेने दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही खोळंबतात तेव्हा ते ठरविण्यात कोठेतरी उणीव राहिलेली असते.

आठ आठवड्यांत काय घडते

अखेर आजोबांच्या शब्दावर ती मुलगी पुण्यासच राहिली. पहिले दोन आठवडे तिच्या वाट्याला फाइलींना ठरलेल्या पद्धतीने नावे देणे आणि एकच जाहिरात निरनिराळ्या मापांत बसविणे एवढेच आले. तिने कंटाळून घरी फोन केला तेव्हा आजोबा हसून म्हणाले, "गादी झटकणे चालू आहे म्हणायचे!"

तिसऱ्या आठवड्यात तिने एका मागणी-नोंदणीच्या अ‍ॅपसाठी पडदा तयार केला. फिकट राखाडी अक्षरे, भरपूर मोकळी जागा. वर्गात त्याचे कौतुकच झाले असते. स्टुडिओच्या प्रमुखांनी तिला तो घेऊन एका किराणा दुकानात बसविले. साठीच्या दुकानदारांना 'पुढे' हे बटण दिसलेच नाही. ते तीनदा पडदा वरखाली करून थांबले आणि म्हणाले, "बेटा, यापेक्षा माझी वही बरी." त्या रात्री तिने सर्व अक्षरे गडद आणि मोठी केली. काकांच्या लेटरहेडवरील पत्राने तिला त्या दुकानात नेले नसते.

व्यवहार आधी, विश्वास मग

अर्थात प्रत्येक इंटर्नशिप अशी नसते. काही ठिकाणी विद्यार्थ्याकडून पूर्ण वेळेचे काम फुकट करून घेतले जाते, तर काही ठिकाणी काम देण्यासाठी त्याच्याकडूनच नोंदणी शुल्क मागितले जाते. शुल्क मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी, हेच उत्तम. बाकी ठिकाणी व्यापारी घराने सौद्यापूर्वी विचारावेत तसे प्रश्न विचारावेत. काम कोणते, तास किती, विद्यावेतन किती आणि ते बँक खात्यात जमा होणार काय, रोज काम तपासणारा अनुभवी डिझाइनर कोण, हे सारे पत्रात अथवा ईमेलवर लेखी घ्यावे.

आणखी एक बाब बहुधा विसरली जाते, ती म्हणजे कामाची मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या कराराखाली केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे ठरले नसल्यास, काम देणारा असतो. काम आपल्या हातचे आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ राखून ठेवते. परंतु ते काम आपल्या संग्रहात दाखविता येईल की नाही, हे प्रारंभीच लेखी ठरवून घ्यावे. डिझाइनच्या विद्यार्थ्याचे भांडवल म्हणजे हा संग्रह. तो दाखविता आला नाही तर आठ आठवड्यांची कमाई कुलूपबंद राहते.

ज्यांच्या स्वतःच्या फर्म आहेत त्यांनी या विषयाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. आपल्या मुलांना न केलेल्या कामाचे पत्र देण्यापेक्षा दुसऱ्याच्या मुलाला खरे काम आणि योग्य विद्यावेतन द्यावे. दरपत्रक, वेष्टन, मोबाइलवरील मागणी-नोंदणी यांत सुधारणेला बहुतेक दुकानांत वाव आहे. मात्र केवळ स्वस्त हात म्हणून विद्यार्थ्याला घेऊ नये. शिकविणारे कोणी नसेल तर ती उमेदवारी होत नाही.

आठ आठवडे संपवून मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी घरी पोहोचली. वडिलांनी प्रमाणपत्र मागितले. तिने मोबाइल आजोबांच्या हाती दिला. चष्मा न शोधता त्यांनी पडदा वाचला, 'पुढे' दाबले, मागणी नोंदविली आणि मोबाइल मुलाकडे देत म्हटले, "हिला आपले दरपत्रक दाखव. मला ते चष्म्यानेही वाचता येत नाही."