पिकअपला मोठे टायर, डिस्क मात्र कंपनीचीच: चालेल का?

बोईसरला तारापूर एमआयडीसीतला माल भरून पालघर-मनोर रस्त्याने महामार्ग गाठायचा, तर वाघोबा खिंडीचा चढ लागतो. पावसाळ्यात खड्ड्यांची भर. मग अनेक पिकअपमालकांना वाटतं, आहे त्याच डिस्कवर जरा मोठे टायर चढवावेत.

समजा, मूळ टायर २१५/७५ आर १५ आहे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के उंची आणि १५ हा डिस्कचा इंचातला व्यास. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला, तर टायरचा व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो. गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, १५ मिलिमीटर. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४ टक्के जास्त पुढे जाते. म्हणजे मीटर आधी अचूक असेल, तर ६० दाखवताना खरा वेग ६२ च्या वर असतो आणि चढावरची ओढ तेवढीच घटते. भरलेल्या गाडीला हा सौदा महागच.

डिस्कची रुंदी डिस्कवरच कोरलेली असते. २३५ च्या टायरला ती किमान ६ इंच लागते. साडेपाच इंचीवरही तो चढतो, पण बाजू फुगतात आणि गाडी वळणावर डोलते.

मोठा टायर जास्त वजन पेलतो, हाही गैरसमजच. वजन ठरतं मापापुढच्या अंकावरून: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०९ म्हणजे १०३०. एसयूव्हीचा रुंद टायर इथे मूळ टायरपेक्षा कमी भरू शकतो. आरसीवरचं एकूण वजन तर टायर बदलून वाढतच नाही.

तरी बदलायचेच, तर स्टेपनीसकट पाचही बदला. मागे एक मोठा, एक लहान टायर राहिला, तर डिफरन्शियलवर सतत ताण येतो.