आगकाड्या, ठोकळे आणि दिघीची जंगलजेट्टी

दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज त्याचे एकेक चित्र घेतले. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट त्यातून झाला आणि तो दाखवूनच त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवले. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. दोन्हींत कॅमेरा थांबत थांबत चालतो, म्हणून अभ्यासक त्यांना एकाच रांगेत बसवतात. माझ्या मते या दोन वेगळ्या कला आहेत. वाटाणा आपला आपण वाढतो. कॅमेऱ्याने फक्त वाट पाहायची. आगकाडी आपण होऊन हलत नाही. ती सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८मध्येच अशा काड्या नाचवल्या होत्या.

खेळण्यातल्या ठोकळ्यांचे चित्रपट या दुसऱ्या कुळातले. १९७३मध्ये डेन्मार्कमधल्या हासिंग आडनावाच्या दोन चुलतभावंडांनी चंद्रावरच्या प्रवासाचा असा एक घरगुती चित्रपट केला. हातपाय हलवणारी लेगोची चिमुकली माणसे १९७८ साली आली, त्याच्याही आधीची ही गोष्ट.

ठोकळ्याचा गुण असा की तो ठेवला तिथेच राहतो. आगकाडी फुंकरीने सरकते, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा कलंडतो. ठोकळा मात्र खालच्या गुट्टीत घट्ट बसतो. दोन गुट्ट्यांतले अंतर नेमके ८ मिलिमीटर, म्हणजे पट्टी जणू खेळण्यातच कोरलेली. नवख्याला याचा मोठा आधार वाटतो आणि अडचणही इथेच सुरू होते.

गेल्या मे महिन्यात माझ्या दोन भाच्यांनी दिघीच्या घरी ठोकळ्यांची जंगलजेट्टी बांधली. आगरदांडा ते दिघी, राजपुरीच्या खाडीतून गाड्या-माणसे नेणारी ती बोट. सेकंदाला १२ चित्रे धरली आणि प्रत्येक चित्रामागे बोट एक गुट्टी पुढे नेली, तर सेकंदाला जवळजवळ १० सेंटिमीटर होतात. मीटरभर टेबलावरची खाडी दहा सेकंदांत संपते! शिवाय बोट उंदरासारखी टुणटुणते. म्हणून खालची गुट्ट्यांची पाटी काढली, निळा कागद अंथरला, कडेला मोजपट्टी चिकटवली. मग पोरांना धक्क्यावर नेऊन बसवले. खरी बोट कशी सुटते ते नीट पाहा, एवढेच सांगितले. जड वस्तू एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबतही नाही. परत आल्यावर थोरल्याने वहीत लिहिले : १, १, २, ३, ४ मिलिमीटर, मग बराच वेळ ४, शेवटी तसेच उलटे. याच आकड्यांनी चार बोटांच्या प्लास्टिकला वजन आले.

उजेडाचे दुखणे निराळे. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा सरकतो, ढग येतो-जातो आणि पडद्यावर सगळे लुकलुकते. खिडकी बंद करून एकच दिवा लावायचा, फोन घट्ट बांधायचा, त्याचा प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करायचे. चित्रे घेणाऱ्याने पांढरा सदरा घालू नये. त्याचीही तिरीप पडते. वीज गेली की काम थांबवायचे. कोकणात हे वेगळे सांगायला नको.

२०१४चा ‘द लेगो मूव्ही’ जवळजवळ सगळा संगणकावर झाला, पण त्यातल्या माणसांची चाल मुद्दाम हाताने सरकवल्यासारखी तुटक ठेवली आहे. संगणकाला गुळगुळीत चाल सहज जमली असती. ती नको वाटली, कारण या प्रकाराची चव हाताच्या त्या तुटकपणातच आहे.

ठोकळ्यांचे संच महाग असतात हे खरे. फाळक्यांना काडेपेटी पुरली होती.

पोरांच्या बोटीला धक्क्याला लागायला चार सेकंद, म्हणजे ४८ चित्रे लागली. त्यांतल्या शेवटच्या दहांत बोट मुळीच सरकत नाही. फक्त तिचा पुढचा उतार हळूहळू खाली येतो.