कृत्रिम अवयव व आधारसाधने : पदव्युत्तर शिक्षण

शरीराच्या गमावलेल्या भागाची जागा घेणाऱ्या साधनाला कृत्रिम अवयव म्हणतात, तर शरीरात असलेल्या पण दुर्बळ, वाकड्या किंवा संवेदनाहीन झालेल्या भागाला आधार देणाऱ्या साधनाला आधारसाधन म्हणतात. लाकडी पाय, यांत्रिक हात ही पहिल्याची, तर कॅलिपर, पाठीच्या कण्याचा पट्टा, विशिष्ट रचनेचे पादत्राण ही दुसऱ्याची उदाहरणे होत. रुग्णाची तपासणी करून या साधनांचा आराखडा तयार करणे, ती घडविणे, रुग्णाच्या अंगी बसविणे आणि त्यांच्या वापराचे परिणाम पाहणे या सर्वांचा विचार या शास्त्रात होतो. शरीररचनाशास्त्र, यामिकी, द्रव्यविज्ञान व हस्तकौशल्य यांच्या संगमावर हे शास्त्र उभे असल्याने त्याचे शिक्षण केवळ ग्रंथांतून अथवा केवळ कार्यशाळेत पूर्ण होत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे प्रयोजनही या दुहेरी स्वरूपातून निर्माण झाले आहे.

इतिहास : ऋग्वेदात विश्पलेचा पाय युद्धात तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिल्याचा उल्लेख आहे. ईजिप्तमध्ये थीब्झजवळ एका स्त्रीच्या ममीच्या पायाला लाकूड व चामडे यांचा बनविलेला अंगठा आढळला असून तो सु. इ. स. पू. ९५० ते ७१० या काळातील मानला जातो. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच लष्करी शल्यविशारदाने गुडघ्याच्या ठिकाणी दुमडणारा व अडकविता येणारा कृत्रिम पाय तयार करविला. या क्षेत्रातील प्रगतीला पुढे प्रत्येक मोठ्या युद्धाने चालना दिली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झाली. १९५७ नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधनातून गुडघ्याखालील पायासाठी नव्या प्रकारची खोबण प्रचारात आली आणि कारागिरीला शास्त्राचा पाया मिळाला. कृत्रिम अवयव व आधारसाधने यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७० मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली.

अवयव घडविण्याची तत्त्वे : गुडघ्याखाली अंगच्छेदन झालेल्या व्यक्तीचा पाय कसा तयार होतो हे पाहिले म्हणजे या शास्त्राचा गाभा ध्यानात येतो. उरलेल्या खुंटावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची ओली पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लॅस्टर ओतून खुंटाची प्रतिकृती करतात. मात्र या प्रतिकृतीवर जशीच्या तशी खोबण तयार केल्यास ती निरुपयोगी ठरते, कारण खुंटाचा सर्व भाग सारखाच भार सोसू शकत नाही. गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा भार सोसते. नडगीची धार, खुंटाचे टोक, तसेच बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचे डोके व त्याला वळसा घालून जाणारी तंत्रिका (मज्जा) यांना दाब सोसत नाही. म्हणून प्रतिकृती पहिल्या जागी तासून घेतात व दुसऱ्या जागी तिच्यावर भर घालतात. यानंतर तापवून मऊ केलेला पॉलिप्रोपिलीनाचा पत्रा तिच्यावर बसवून खोबण मिळवितात. किती तासावे व किती भर घालावी याचे ज्ञान हाताला सरावाने येते, पण तसे का करावे याचे उत्तर यामिकीत सापडते.

खोबणीनंतर मांडणीचा प्रश्न येतो. खोबण, नळी व पाऊल यांचे परस्परांशी असलेले कोन म्हणजे मांडणी. खोबण साधारणतः पाच अंशांनी पुढे कललेली ठेवतात, त्यामुळे कंडरेवर भार नीट येतो. गुडघ्यावरील अंगच्छेदनात शरीराच्या भाराची रेषा कृत्रिम गुडघ्याच्या आसाच्या मागून गेल्यास गुडघा अवचित दुमडतो व माणूस पडतो, तर ती फार पुढून गेल्यास पाऊल उचलताना गुडघा वाकत नाही. पायाची लांबी थोडी चुकली तरी कंबर व पाठ दुखू लागते. असे साधन रुग्ण काही दिवस वापरतो आणि मग ते घराच्या कोपऱ्यात पडून राहते. खुंटावर जखम होऊन ती चिघळली, तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते. या कामात अचूकतेला असलेले महत्त्व त्यावरून स्पष्ट होईल.

जयपूर पाय : पाश्चात्त्य देशांत रूढ झालेले घट्ट घोट्याचे रबरी पाऊल बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्यासाठी योजिलेले आहे. भारतीय शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात उभा राहतो, मांडी घालून जेवतो व उकिडवा बसतो. उकिडवे बसताना घोटा पुढे वाकावा लागतो, मांडी घालताना पावलाचा पुढचा भाग वळावा लागतो आणि ढेकळांतून चालताना पाऊल दोन्ही बाजूंना कलावे लागते. या गरजा ओळखून १९६८ च्या सुमारास जयपूर येथील अस्थिव्यंगशल्यविशारद प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जयपूर पाय विकसित केला. सूक्ष्मकोशिकी रबराचे ठोकळे व हलके लाकूड यांवर टायरमधील दोरीयुक्त रबराचे वेष्टन आणि त्यावर त्वचेच्या रंगाच्या रबराचे आवरण चढवून, साच्यात व्हल्कनीकरण केलेले हे पाऊल बुटावाचून वापरता येते. त्यावरील नळी आरंभी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असे. पुढे पाणीपुरवठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन नळांपासून ती बनू लागली. सेठी यांना १९८१ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण अल्प होते, ही गोष्ट या विषयाच्या शिक्षणाचा विचार करताना विसरता येत नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील अनुभव : अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा, महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. उत्तरेस प्रवरा-गोदावरीकाठचा बागायती, साखर कारखान्यांचा प्रदेश व दक्षिणेस अवर्षणप्रवण तालुके अशी त्याची विभागणी आहे. दक्षिणेकडील जामखेड येथे रजनीकांत आरोळे व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याच्या पद्धतीमुळे तो जगभर ज्ञात झाला व १९७९ मध्ये या दांपत्याला मागसायसाय पुरस्कार देण्यात आला. प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर पद्धतीचे पाय व कॅलिपर तयार होऊ लागले. औपचारिक तांत्रिक शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना येथे हे काम शिकविण्यात आले. रुग्ण ज्या जमिनीवर चालणार, तीच घडविणाऱ्याच्याही पायाखालची असल्याने साधन नेमके कोठे झिजेल व काय केल्यास टिकेल याची जाण येथे आपोआप येते. मोडलेला पाय दुरुस्त करून घेण्यासाठी रुग्णाला दूरच्या शहरी जावे लागत नाही, हाही मोठा लाभ होय.

या अनुभवाला मर्यादाही आहेत. बालपक्षाघाताने (पोलिओने) दुर्बळ झालेल्या पायासाठी कॅलिपर हे एकेकाळी आधारसाधनांच्या कार्यशाळांचे मुख्य काम होते. भारतात या रोगाचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. आता मधुमेहाने संवेदना गेलेले पाऊल, मस्तिष्क पक्षाघात झालेली मुले, रस्त्यावरील अपघात, शेतीयंत्रांत सापडून झालेल्या इजा व कुष्ठरोगाचे दूरगामी परिणाम यांकडे लक्ष द्यावे लागते. संवेदनाहीन पावलाला वेदना होत नाही, म्हणून चुकीच्या पादत्राणाची तक्रार रुग्ण करीत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. येथे रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही, दाबाचे मापनच करावे लागते. शिवाय पाथर्डी, जामखेड व शेजारच्या बीड जिल्ह्यातून अनेक कुटुंबे हिवाळ्याच्या सुरुवातीस ऊसतोडणीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शस्त्रक्रियेनंतर काही महिने खुंट आकुंचन पावत असतो, तेव्हा खोबण सैल होते व ती बदलावी लागते. नेमका हाच काळ रुग्ण फडावर असला, तर पाठपुरावा तुटतो. अशा प्रश्नांची उकल हस्तकौशल्याने होत नाही. ती करणारा माणूस प्रशिक्षितच असावा लागतो.

शिक्षणाचे स्तर : जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत या क्षेत्रातील मनुष्यबळाचे तीन वर्ग मानले आहेत : रुग्णाची तपासणी करून साधन ठरविणारा तज्ञ, त्याचा सहयोगी आणि कार्यशाळेत साधन घडविणारा तंत्रज्ञ. भारतात बारावी (विज्ञान) नंतर साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून त्यातील शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे असतात. त्यानंतरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. महाराष्ट्रात तो मुंबईच्या उपर्युक्त पुनर्वसन संस्थेत उपलब्ध आहे. कोलकाता येथील राष्ट्रीय संस्था व कटकजवळील ओलटपूर येथील राष्ट्रीय संस्था ही देशातील अन्य प्रमुख केंद्रे होत. अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेत भौतिकी चिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. हा विषय कृत्रिम अवयवशास्त्राचा निकटचा सोबती आहे, कारण साधन बसविल्यावर चालण्याचा सराव भौतिकी चिकित्सकच करून घेतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप : पदवीधराला साधन करता येते हे गृहीत धरून येथे साधनाचे मूल्यमापन शिकवितात. प्रगत जीवयामिकी, चालीचे विश्लेषण, द्रव्यविज्ञान, संशोधनपद्धती व सांख्यिकी, व्यवस्थापन आणि अध्यापन हे मुख्य विषय असतात. चालीच्या विश्लेषणात कॅमेरे व जमिनीतील बलमापक पट्ट यांच्या साहाय्याने प्रत्येक सांध्याचा कोन व त्यावर येणारे बल नोंदवितात. साधनाचा टिकाऊपणा आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रावर लाखो वेळा भार देऊन तपासतात. संगणकनियंत्रित गुडघे, स्नायूंतील विद्युत् संकेतांवर चालणारे हात व त्रिमितीय मुद्रण यांचाही परिचय करून दिला जातो. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागतो.

प्रबंधाचा विषय कोठून घ्यावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महागड्या परदेशी घटकांची परस्परतुलना करणे सोपे, पण आपल्या देशात तिचा उपयोग थोड्यांना होतो. उन्हाळ्यातील घामाने खोबणीतील अस्तरावर व त्वचेवर काय परिणाम होतो, काळ्या मातीच्या चिखलात पावलाचे रबर किती टिकते, उकिडवे बसता यावे म्हणून खोबणीची मागील कड किती खाली घेता येईल आणि साधन दिल्यावर वर्षभराने ते कितीजण वापरत असतात, हे प्रश्न दिसायला साधे आहेत. पण जामखेडसारख्या कार्यशाळेतील अनुभवाला मोजमापाची जोड दिल्यावाचून त्यांची उत्तरे मिळणार नाहीत. कारागीर व पदव्युत्तर विद्यार्थी यांना येथे एकमेकांची गरज आहे.

व्यवसाय व कायदा : भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये या व्यवसायाची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रुग्णाला अयोग्य साधनापासून संरक्षण मिळावे हा या तरतुदीचा हेतू आहे. परंतु अर्हताप्राप्त व्यक्ती शहरांतच राहिल्या, तर ग्रामीण रुग्णाला कायद्याचे संरक्षण असूनही साधन मिळत नाही. अर्हताधारक तज्ञाच्या देखरेखीखाली स्थानिक तंत्रज्ञांनी काम करणे हा यातील व्यवहार्य मार्ग होय.

पदव्युत्तर पदवीधारकांना पुनर्वसन संस्थांत अध्यापन, रुग्णालयांतील विभागांचे प्रमुखत्व, संशोधन व साधननिर्मिती उद्योग, सेवाभावी संस्था आणि स्वतंत्र चिकित्सालय ही क्षेत्रे खुली आहेत. कानपूर येथील भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम (स्थापना १९७२) हा या क्षेत्रातील केंद्र शासनाचा उपक्रम होय. अपंग व्यक्तींना साधने खरेदी करण्यास साहाय्य देणारी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू असून तीखाली शिबिरांतून साधने वाटली जातात. शिबिरात साधन एका दिवसात देता येते, पण त्याचे समायोजन पुढे अनेक महिने करावे लागते. विशाल विस्ताराच्या जिल्ह्यात हे पुढचे काम करणारा माणूस रुग्णाच्या आवाक्यात असणे अगत्याचे आहे. परदेशी व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास त्या त्या देशाच्या नोंदणीच्या अटी पूर्ण कराव्या लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य अपंगत्वांची संख्या सातावरून एकवीसवर नेली, त्यामुळे या शास्त्राचे क्षेत्र विस्तारले आहे. साधन घेऊन गेलेली व्यक्ती ते घालून शेतावर, शाळेत किंवा बाजारात जाते काय, हीच या शिक्षणाच्या यशाची अंतिम कसोटी होय.